नदीकाठी उभी निळी गाडी

"गुरुजी, दारात तुम्हीच दिसताय," सोमा म्हणाला.

कुशाबा गुरुजींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. निळ्या गाडीच्या दाराच्या चकचकीत पत्र्यात त्यांचा पांढरा सदरा भुतासारखा उभा होता. त्यांनी तो फोटो पुसून टाकला, सोमाचं काळपट जाकीट मागून घेतलं, अंगात चढवलं आणि आणखी मागे सरकले.

"अजून किती मागं? नदीत जाल हां."

"लांबून झूम करायचं. जवळून घेतला की गाडीचं नाक बटाट्यासारखं फुगतं."

कॅमेरा जुना होता, सदऱ्याच्या खिशात मावणारा. गुरुजींचा हात थरथरायचा, म्हणून त्यांनी सोमाच्या गॅरेजमधलं स्टूल आणलं होतं. स्टुलावर वाळूची पिशवी, पिशवीवर कॅमेरा, हेडलाइटच्या उंचीला. टायमर लावून ते बाजूला होत. पुढचं चाक त्यांनी थोडं वळवून ठेवलं होतं, म्हणजे रिम उठून दिसते. हे सगळं ते वाचून वाचून शिकले होते, आणि तरी प्रत्येक फोटोआधी त्यांना वाटे, आपल्याला हे जमायचं नाही.

सूर्य डोंगराआड गेला. गुरुजी याच वेळेसाठी थांबले होते. दुपारचं ऊन पत्र्याचं सगळं सांगून टाकतं. हा उजेड काहीच सांगत नाही.

टायमर टिकटिकला. सोमा पडद्यावर वाकला.

"आयला," तो म्हणाला. "ही आपलीच गाडी?"

गाडी आपली होती हेच तर दुखणं होतं. महापुराच्या साली ती महाडात पाण्याखाली होती. मग जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या राजेश शेटने तिला धुऊन, पुसून, अत्तर मारून जाहिरातीत उभी केली, आणि गुरुजींनी ती फोटो पाहून घेतली. तेव्हा ती चंदेरी होती. वाईला शिक्षिका असलेल्या लेकीच्या, अनुपमाच्या दारात न सांगता ती नेऊन उभी करायची, असं त्यांच्या मनात होतं. गाडी पोलादपूरच्या पुढे गेलीच नाही. सोमाने सीटखालचा गालिचा उचलला, तर खाली सुकलेला गाळ.

गुरुजी राजेशच्या अड्ड्यावर भांडायला गेले होते. भांडण त्यांना येत नव्हतं. राजेश खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"फोटो बघून गाडी घेता, गुरुजी? लग्नही फोटो बघूनच केलंत काय?"

अड्ड्यावरची सगळी माणसं हसली. चहावाला हसला. गुरुजी घरी आले आणि कुणाला काही बोलले नाहीत. बायकोला नाही, लेकीलाही नाही. गाडी सोमाच्या शेडमध्ये पडून राहिली आणि ते हसू रोज त्यांच्या उशाशी येऊन बसू लागलं.

मग त्यांनी गाडी सोमाच्या नावावर केली, रंग बदलून घेतला आणि कॅमेरा हातात धरला.

राजेशच्या हाताखालून इतक्या गाड्या जात की जुना नंबर त्याच्या लक्षात राहणं शक्य नव्हतं. शिवाय दुसऱ्या कुणी उचलायच्या आत आपण उचलायची, ही त्याची खोड. सोमाच्या नावाने जाहिरातीत फोटो गेले आणि त्याच संध्याकाळी सोमाचा फोन वाजला. सोमाने स्पीकर लावला.

"फोटो कुणी काढलेत रे? झकास! ही विकायची नाय, घरातच ठेवतो. बायको कधीची मागं लागलीय, महाबळेश्वरला न्या म्हणून."

"न्या की शेट," सोमा म्हणाला. "गाडी मख्खन हाय."

फोन ठेवल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला.

"गुरुजी, ब्रेकच्या तेलात पाणी हाय. सपाटीला कळायचं नाय. घाटात तापलं की पाय नुसता खाली जातो. तेल बदलून देऊ? तासाभराचं काम."

गुरुजी कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसत होते.

"त्यानं बदलून दिलं होतं?"

"नाय, पण महाबळेश्वरला जायचं म्हणजे आंबेनळी घाट..."

"मग राहू दे."

दुसऱ्या दिवशी राजेशचा ड्रायव्हर आला, आरशात भांग पाडून घेतला आणि गाडी घेऊन गेला.

त्यानंतर गुरुजी रोज एस.टी. स्टँडवर जाऊन बसू लागले. पेपर हातात असे, पण कान महाबळेश्वरहून उतरणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांकडे. घाटात काही झालं का, हे विचारायचा धीर त्यांना होत नसे. रात्री मात्र ते गाढ झोपत. कित्येक महिन्यांनी ते हसू उशाशी आलं नव्हतं.

महिना उलटला. रविवारी सकाळी ते अंगणात चहा पीत असताना अनुपमाचा फोन आला.

"बाबा, घरीच आहात ना? पोहोचतेच आहे."

"एस.टी. मिळाली का वेळेवर?"

"एस.टी. कसली! स्वतःच्या गाडीनं येतेय. फोन स्पीकरवर टाकलाय, ओरडू नका. तुमच्यासाठीच घेतली, म्हणून सांगितलं नव्हतं. आपल्या महाडचेच आहेत ते राजेश शेट, घरात ठेवायला घेतलेली म्हणे, पण चांगली किंमत दिली तर मला दिली, वाईला दारात आणून. खरं सांगू? त्यांच्या जाहिरातीतल्या फोटोवरच भाळले. नदीकाठी उभी, संध्याकाळचा उजेड, निळी निळी! असा फोटो काढणारा माणूस खोटा असूच शकत नाही, म्हटलं."

चहाचा कप गुरुजींच्या हातातून कधी निसटला, त्यांना कळलं नाही.

"अनू, कुठे आहेस तू?"

"आंबेनळीत. अर्धा घाट उतरले. काय सुंदर दिसतंय हो खाली! बाबा, एक विचारू? या गाडीचा ब्रेक दोन-दोनदा दाबावा लागतो का हो?"