दिव्यांचं भुयार

टेबलाभोवती बसून फासे टाकत, कल्पनेत वीर बनून भुयारात उतरायच्या खेळासाठी वर्लिन विस्कॉन्सिनमध्ये दर हिवाळ्यात कागदावर एक नवं भुयार रचायचा आणि त्याची पुस्तिका घरीच छापायचा. यंदाच्या पुस्तिकांना पिना मारता मारता त्याचा खेळातला जुना दोस्त आर्लो याने एक उघडून वाचली आणि कपाळावर हात मारला.

“लेका, हे भुयार आहे की नाताळातलं चर्च? खोलीखोलीत दिवे! आमचा कंदील विझवायला तूच ना वारं सोडायचास, छतातून पाणी गाळायचास? अंधारच नाही, तर घाबरायचं कशाला?”

वर्लिन चमच्याच्या पाठीने पानांच्या घड्या दाबत राहिला. टोमणा त्याला लागला नाही; हल्ली काहीच लागत नसे.

“आपला नियम काय आहे? जो खेळायला आला नाही, त्याचा वीर कंदील धरून सगळ्यांच्या मागे चालतो.”

“हो, मग?”

“तुझी वहिनी गेल्यापासून कंदील तिच्याच हातात आहे.”

आर्लोने उघडी पुस्तिका मिटून गठ्ठ्यावर ठेवली.

वर्लिनने पुढचं पान घडीला घेतलं. “आता ठेवू दे तिला तो खाली.”