खाडा

तिसराही रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा सलिलचा चेहरा नापास झाल्यासारखा पडला.

ईसीजी नॉर्मल, एको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. सव्विसाव्या वर्षी एवढं नॉर्मल असणं डोंबिवलीत कौतुकाचं ठरलं असतं. पण सलिलच्या छातीत कधीही, काहीही कारण नसताना, कुणीतरी धावत सुटायचं. मग डाव्या बाजूला सुई टोचल्यासारखं व्हायचं. मग सगळं शांत. ती शांतता जास्त वाईट होती, कारण आता पुन्हा कधी सुरू होणार ते ऐकत बसावं लागे. डाव्या कुशीवर झोपणं त्याने सोडलंच होतं. उशीतून ठोके ऐकू यायचे आणि ते आपले नाहीत असं वाटायचं.

कोलशेतच्या त्याच्या ऑफिसात भावेश नावाचा त्याच्याच वयाचा मुलगा एकदा डबा खाऊन खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. ऑफिसने दोन मिनिटं शांतता पाळली आणि ती खुर्ची नव्या मुलीला दिली. तिची तक्रार नव्हती. सलिल मात्र त्या खुर्चीला वळसा घालून जायचा.

घरात निदानांची कमतरता नव्हती. त्याची आई सुमतीबाई पित्त म्हणायच्या आणि खात्रीसाठी संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढायच्या. धाकटी बहीण देवयानी म्हणायची, तू गूगल करणं बंद कर. वडील गुरुदत्तराव एकाच शब्दात आटपायचे, मोबाइल. ते सरकारी कचेरीच्या अभिलेख विभागातून निवृत्त झाले होते. उभ्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नव्हती आणि डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं, हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगत.

"बाबा, मला खरंच काहीतरी होतंय," सलिल एकदा म्हणाला. "तुम्ही विश्वास ठेवाल तोवर मी त्या भावेशसारखा बसलेला असेन."

"तुमच्या पिढीला ठोके ऐकायला वेळ आहे," गुरुदत्तराव म्हणाले. "आम्ही नोकऱ्या केल्या."

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटचा उपाय काढला. छातीला वायरी चिकटवायच्या, कमरेला छोटं मशीन लावायचं आणि चोवीस तास नेहमीसारखं वागायचं. मशीन प्रत्येक ठोका टिपून ठेवतं. काढायचं नाही, आंघोळ करायची नाही. चिकट्या निघाल्या तर असाव्यात म्हणून तिथल्या मुलीने चार जास्तीच्याही दिल्या.

मशीन एकच होतं आणि त्याला रांग होती. सत्यनारायण सांगणारे गुरुजीही एकच होते आणि त्यांची रांग आणखी मोठी. दोन्ही नंबर एकाच दिवशी लागले.

घरात पूजेला दरवर्षी गुरुदत्तराव बसत. यंदा गुडघे नको म्हणतात, म्हणून त्यांनी पाट सलिलकडे सोपवला होता. आता सलिलने आंघोळीशिवाय पूजेला बसणं सुमतीबाईंना मान्य नव्हतं, आणि मशीन पुढे ढकललं तर पुन्हा महिनाभर थांबायचं, हे सलिलला मान्य नव्हतं. तासाभराचा प्रश्न आहे, काढून ठेवू, असं देवयानीने सुचवलं.

गुरुदत्तराव हे ऐकून उठून बसले. रेकॉर्डमध्ये खाडा? त्यांनी आयुष्यभर हाताखालच्या माणसांचा कोरा रकाना खपवून घेतला नव्हता. कोरी जागा दिसली की साहेब सगळी फाइल परत पाठवतो, हा त्यांचा अनुभव होता.

"आण इकडे. मी लावतो," ते म्हणाले. "तेवढाच त्या मशीनला एक धड माणूस बघायला मिळेल."

देवयानीने मोबाइलमध्ये वायरींचा फोटो काढलेलाच होता. त्याबरहुकूम तिने जास्तीच्या चिकट्या वडिलांच्या छातीवर, जानवं बाजूला सारून, लावल्या. सलिल न्हाऊन सोवळं नेसून पाटावर बसला. गुरुदत्तराव मागे खुर्चीत. एरवी आरतीला त्यांचा आवाज खालच्या वाण्यापर्यंत जायचा. या वेळी ते डोळे मिटून गप्प बसून राहिले. वय झालं की माणूस आतून भक्ती करतो, असं सुमतीबाईंना वाटलं.

पूजा उरकल्यावर मशीन परत सलिलच्या कमरेला आलं. गुरुदत्तरावांनी बजावलं, की तिथे हे बोलायची गरज नाही, साहेबलोक उगाच शेरे मारतात.

रिपोर्टला सलिल आणि आईवडील असे तिघं कल्याणला गेले. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. तुम्ही व्हा पुढे, मी पाट्या वाचत येतो, असं म्हणून गुरुदत्तराव पहिल्याच मजल्यावर थांबले.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा उलटसुलट पाहिले.

"सापडलं," त्या म्हणाल्या.

सलिलला हसू आवरेना, आनंदाने रडू यायचंच बाकी राहिलं. आता पित्त नाही, गूगल नाही, मोबाइल नाही. नेमके आत्ता बाबा इथे हवे होते.

"हसू नका. ठोके मधेच थांबतायत, काही सेकंद सलग. आज तुम्ही घरी जाणार नाही, मी बेड बघते." त्या पुन्हा कागदाकडे वळल्या. "नवल एवढंच की बाकी सगळा दिवस स्वच्छ आहे. बारीकसारीक धडधड, ती घाबरण्याची. हे थांबणं फक्त सकाळच्या एका तुकड्यात आहे. काय करत होतात तेव्हा?"

"पूजेला बसलो होतो," सलिल म्हणाला.

"पण पूजेला बसताना मशीन याच्या अंगावर नव्हतं," सुमतीबाई बोलून गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मग कुणाच्या होतं?"

सुमतीबाई दाराकडे बघत होत्या.

"हे अजून वर कसे आले नाहीत?"