गार पुडी

हेमांगीचा उजवा घोटा मुरगळला तेव्हा मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना बरोबरीत होता आणि तिची शेवटची चढाई बाकी होती. मैदानावर बर्फ नव्हता. समोरच्या संघाचे प्रशिक्षक मुलाणी सर प्लॅस्टिकची एक पुडी घेऊन धावत आले. त्यांनी ती मुठीत दाबली. आत काहीतरी फटकन फुटलं आणि पुडी बर्फासारखी गार पडली.

"थांबा!" हेमांगीच्या प्रशिक्षक शेवंताताईंनी त्यांचा हात धरला. "काय आहे यात?"

"क्षार आणि पाणी, ताई. क्षाराचे घट्ट बांधलेले कण सुटे व्हायला उष्णता लागते. पाण्यात मिसळताना बरीचशी परत मिळते, पण ती पुरत नाही. उरलेली तो पायातून ओढून घेतो."

"म्हणजे आमच्या पोरीकडून काढून घ्यायलाच आलात!"

सरांनी हसत पुडी हेमांगीच्या घोट्यावर दाबून धरली. थोड्या वेळाने ठणका ओसरला आणि हेमांगी उभी राहिली. पण परत गेल्यावर सर आपल्या कप्तान मुलीच्या कानात काहीतरी बोलले, आणि दोघांनी वळून हेमांगीच्या पायाकडे पाहिलं.

"दुखरा पाय दाखवून दिला मेल्याने," शेवंताताई पुटपुटल्या.

हेमांगी चढाईला गेली. परतताना तिचा उजवा घोटा त्या कप्तानाच्या अगदी हाताशी आला. कप्तानाने तो सोडला, पुढे झेप घेतली आणि डावा पाय धरला. पकड पक्की होती. सामना गेला.

शेवंताताईंच्या ओठांवर आलेली शिवी तिथेच राहिली.