पुढचं गिऱ्हाईक

जुन्या जकातघराच्या पायऱ्यांवर गाइडनं आपली माणसं मोजली, तेव्हा एक कमी भरला. तिनं पुन्हा मोजली. तरी एक कमीच. कोण नाही ते विचारायची वेळच आली नाही. गळ्यात चष्म्याची दोरी असलेली एक म्हातारी बाई पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "आमचे हे दिसत नाहीत."

मग तिनं बाकीचं सांगितलं. त्यांना हल्ली काही आठवत नाही. स्वतःचं नाव नाही, जहाजावरची खोली नाही. बायकोला तर ते वर्षभर ओळखत नव्हते. मुलगा म्हणाला होता, आई, कशाला नेतेस त्यांना एवढ्या लांब, त्यांना काय कळणार? कळलं नाही तरी वारा तर लागेल, म्हणून ती घेऊन आली होती. आत तसबिरी बघताना चष्मा पुसायला तिनं त्यांचा हात सोडला, तेवढंच निमित्त झालं.

जहाज संध्याकाळी सुटणार होतं. शिडी वर घेतली की ते कुणाच्या बापासाठी थांबत नाही, हे गाइडनंच सकाळी बसमध्ये सांगितलं होतं, आणि सगळे हसले होते. आता बाकीच्यांना तिनं बसमध्ये बसवलं, ड्रायव्हरला थोडं थांबायला सांगितलं आणि म्हातारीला घेऊन ती मागच्या गल्लीत शिरली.

गल्लीत दोरखंडांची दुकानं होती, एक कुलूपवाला होता, एक घड्याळजी. गाइड दारोदार विचारत होती, शर्टावर निळं स्टिकर लावलेले आजोबा बघितलेत का. कुणी बघितले नव्हते. घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाला की एवढा लोंढा रोज आणता, त्यात एकच हरवला म्हणजे बरंच म्हणायचं. म्हातारीची पावलं गाइडच्या पुढे पडू लागली होती.

गल्लीच्या टोकाला सलून होतं. गाइड त्याच्या दारातच थबकली.

खुर्चीत सलूनवाला स्वतः बसला होता, गळ्याभोवती कापड गुंडाळून. त्याच्यामागे बाह्या सारून आजोबा उभे. एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात कात्री. कात्री न अडखळता चालली होती.

सलूनवाल्यानं मान न हलवता, दबक्या आवाजात गाइडला हकिगत सांगितली. हे आत आले, त्याच्या मानेवरचे केस बघून चुकचुकले आणि खुर्चीकडे बोट केलं. बोली काही कळेना, पण चुकचुकणं कळलं. "गावाची डोकी मी करतो, ताई, आणि माझ्या डोक्याला वाली नाही. मग काय, बसलो."

कात्रीचं टोक त्याच्या कानापाशी आलं. गाइड घाईनं पुढे झाली, तर म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"जन्मभर त्यांनी हेच केलंय," ती म्हणाली. "मुलानं घरातल्या सगळ्या कात्र्या उचलून ठेवल्या. मीही ठेवू दिल्या."

गाइडचा फोन वाजला. बसमध्ये लोक कुरकुरत होते, आणि ड्रायव्हर त्यांच्याहून जास्त. ही दोघं मागे राहिली तर कंपनी आपल्याला पुन्हा बोलावणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं म्हातारीकडे बघितलं. म्हातारी नवऱ्याच्या बोटांकडे बघत होती. गाइडनं ड्रायव्हरला सांगितलं, तू नीघ, या दोघांना मी आणते.

कसं आणणार, हा प्रश्न सलूनवाल्यानं सोडवला. त्याचा मेहुणा टॅक्सी चालवायचा. एरवी त्याच्या वेगाला सगळं घर नावं ठेवतं, आज कामाला येईल, असं म्हणत त्यानं कापडाखालूनच फोन लावला. मेहुणा आला, दारात टेकला आणि म्हणाला, होऊ द्या आरामात, बंदर काही पळून जात नाही. बंदर नाही, जहाज पळतं, असं गाइड म्हणाली. पण घड्याळात बघून तीही स्टुलावर बसली. वेळ होता.

आजोबांनी सलूनवाल्याची मान ब्रशनं झाडली आणि छोटा आरसा मागून धरला. सलूनवाला डावीकडे वळला, उजवीकडे वळला, मग मानेवरून हात फिरवत राहिला.

"माझ्या वडिलांनंतर अशी मान कुणी साफ केली नाही," तो म्हणाला आणि उठून बाजूला झाला.

आजोबांनी कापड झटकलं. दाराकडे बघितलं. बायकोवर नजर गेली, तरी चेहऱ्यावर ओळखीचं काही उमटलं नाही. गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"या. आता तुम्ही."

ती खुर्चीत बसली. अंबाडा सोडला. पांढरे केस खुर्चीच्या पाठीवरून खाली आले. आजोबांनी ते तळहातावर घेतले आणि टोकं निरखली.

"बरेच दिवस कात्री लागली नाही यांना."

"माझे मिस्टर कापायचे," ती आरशात बघत म्हणाली. "दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही."

कंगवा पाण्यात बुडवून आजोबांनी तो निथळू दिला.

"त्यांच्यासारखे जमतील की नाही, सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण मन लावून कापतो."