दुप्पट ताकदीचं मशीन

जयेंद्रगंजातल्या लक्ष्मीकांतरावांचा हिशेब सरळ होता. घरच्या सुतारकामाच्या खोलीत भुसा ओढणारं दुप्पट ताकदीचं मशीन आलं, की बायकोचा खोकला थांबेल आणि खोकल्यामागून येणारे टोमणेही.

“अहो, पोहे खातेय की बुरादा, तेच कळत नाही!” विमलताई दारातून खोकत म्हणाल्या.

लक्ष्मीकांतरावांनी नव्या मशीनचं बटण दाबलं. कापडी पिशवी टम्म फुगली. खोकला तिथल्या तिथे थांबला.

“बघ, झाला ना फायदा?” मशीन बंद करत ते म्हणाले.

पिशवी हळूहळू खाली बसली आणि खोकली. अगदी विमलताईंसारखी.

“अहो,” पिशवीतून आवाज आला, “ऐकताय ना?”

लक्ष्मीकांतराव गर्रकन वळले. फायदा सगळा त्यांचाच झाला होता. किंमत मात्र विमलताईंनी मोजली होती; त्या दारात गळा धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ आवाजाशिवाय नुसतेच हलत होते.