कल्पना माझी

बी.एड.च्या शेवटच्या, वर्गावर पाठ घेण्याच्या परीक्षेसाठी शिक्षिका होऊ घातलेल्या बाईंनी एका गाजलेल्या ब्लॉगवरचा 'झाडाचं मनोगत' हा पाठ जसाच्या तसा उचलला आणि आरशासमोर घोटून घेतला.

सातवीच्या वर्गाने तर कमालच केली. प्रश्न पुरा व्हायच्या आत सगळे हात वर, आणि शेवटी झाड तुटलं तेव्हा अख्खा वर्ग हुंदके देऊन रडला. मागे बसलेल्या परीक्षकांनीही चष्मा पुसला.

ते बाहेर पडताच बाईंनी पोस्ट टाकली, 'कल्पना माझी, अश्रू मुलांचे!'

"किती हळवी आहात रे तुम्ही!" त्या वर्गाला म्हणाल्या.

"बाई, या महिन्यात हा पाठ घेणाऱ्या तुम्ही पाचव्या," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.



"शेवटी बाईंनी रडायचं असतं," ती पुढे म्हणाली. "तुम्ही विसरलात, म्हणून आम्ही सांभाळून घेतलं."