वाटीतले सात दाणे

डोणगावच्या वामनरावांची झोप तीन महिन्यांपासून उडाली होती, म्हणून त्यांना दवाखान्याच्या मनोरुग्ण विभागात भरती केलं. वॉर्डात रात्रीला एकच सिस्टर. तिनं त्यांच्या झोपेची नोंद ठेवायचं काम त्यांच्या बायकोवर, पुष्पाबाईंवर सोपवलं.

"मले लिहिता येत नाही, बाई," म्हणत पुष्पाबाईंनी पिशवीतून मूठभर तुरीचे दाणे काढले. भिंतीवरच्या घड्याळात तास पुरा झाला आणि वामनराव झोपलेले दिसले, की वाटीत एक दाणा टाकायचा, असं ठरलं.

तीन रात्री वाटी रिकामीच राहिली. चौथ्या सकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा वामनराव पलंगावर बसले होते. पुष्पाबाई खाली सतरंजीवर, तोंडावर पदर घेऊन पडल्या होत्या. डॉक्टरांनी वाटीत पाहिलं. सात दाणे!

"वा, वामनराव! सात तास!" डॉक्टर केवढ्यांदा तरी म्हणाले. "गोळी लागू पडली. सिस्टर, उद्या यांना सुट्टी द्या."

वामनरावांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना जी, काऊन उठवता तिले? तीन महिने माह्यापायी डोळ्याले डोळा नाही लागला तिचा. काल कुठं झोपली, तं दाणे मीच टाकून राह्यलो. अन् जरा बाजूले सरका, घड्याळ दिसत नाही. आठवा टाकायची वेळ झाली."